उतरवलेलं वजन परत का येतं? बेळगावच्या एका माजी पैलवानाचं प्रकरण

माणूस ४६ वर्षांचा. बेळगावच्या दक्षिणेकडच्या भातशेतीच्या पट्ट्यातलं गाव, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) नोकरी, आणि विशीत तालमीच्या लाल मातीत कमावलेलं शरीर. गावात आणि कामावर आजही त्याला पैलवानच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत.

तो माझ्याकडे आला तो पहिल्यांदा वजन कमी करायला नव्हे. आधी दुसरीकडे उपचार घेऊन त्याने पाच महिन्यांत १०४ किलोवरून ८६ किलोपर्यंत वजन उतरवलं होतं. पुढच्या सव्वा वर्षात ते पुन्हा ९९ झालं. या मधल्या काळात त्याने तपासणीला जाणंच बंद केलं. "तोंड कसं दाखवू, सांगा मॅडम," एवढंच त्याचं उत्तर. बरोबर आलेल्या बायकोने फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही जरा ओरडून सांगा ह्यांना. आमचं कोण ऐकत नाहीत. मनावर ताबाच नाही."

पैलवान मान खाली घालून बसला होता. मी ओरडले नाही. आधी विचारलं, त्या पाच महिन्यांत काय काय खात होता?

"भात सोडलो. साखर सोडलो. मग रात्रीचं जेवणच सोडलो. सकाळी दोन चपात्या, काकडी, उकडलेली भाजी. पहिले दोन महिने काय वाटलं नाही. मग असं झालं बघा, झोपेत पण जेवणच दिसायचं. यात्रेतलं मटण, घरचा बासमती, सगळं. आमच्या शिफ्टची पोरं डबा उघडली की मी उठून बाहेर जायचो."

आहाराचा तक्ता त्याला छापील मिळाला होता, कन्नड आणि इंग्रजीत. घरात कन्नड सफाईने वाचणारी एकटी मुलगी. तिने तो वाचून दाखवला आणि आईने ऐकून लक्षात ठेवला. तरीही तो तक्ता या घराने पाच महिने काटेकोर पाळला. ज्याला आपण ताबा नसलेला माणूस म्हणतोय, त्याने भात पिकवणाऱ्या घरात राहून पाच महिने भाताला हात लावला नव्हता, हे मला बायकोला आधी सांगावंसं वाटलं आणि मी ते सांगितलं.

तपासणीत उंची १७० सेंटिमीटर, वजन ९९, कंबर ११२ सेंटिमीटर, रक्तदाब १४६/९२. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४. भारतीयांसाठी २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे त्याच बीएमआयला चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जन्मलेल्या बाळांपासून दाखवून दिलं आहे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७.८. मधुमेहाची औषधं दोन: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. घरच्यांची खात्री होती की थायरॉईडच असणार. थायरॉईडची रक्ततपासणी, टीएसएच, अगदी नॉर्मल निघाली. थायरॉईड मंदावल्याने वजन वाढतं, पण सहसा थोडे किलो, आणि त्यातही बरंचसं पाणी. गुडघेदुखीसाठी गावात कुणाकडून पुड्या घेतल्या का, हेही खोदून विचारलं, कारण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईड असेल तर भूक आणि चरबी दोन्ही वाढतात. त्याने तसलं काही घेतलं नव्हतं.

खुराक राहिला, मेहनत गेली

वजनाची गोष्ट तालमीपासून सुरू होते. विशीत पहाटे उठून जोर, बैठका, मग लढत, संध्याकाळी पुन्हा तेच. खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई, आठवड्यातून दोनदा मटण. आनंदवाडीच्या मैदानापासून गावोगावच्या यात्रांपर्यंत तो लढला. ठरावीक वजनाच्या गटात बसायचं असेल तर आधीचे तीन-चार दिवस पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळायचं, आणि वजन झालं की त्याच दिवशी ताटावर बसायचं. वर्षातून कितीतरी वेळा हे व्हायचं. २९ व्या वर्षी गुडघा गेला, लग्न झालं, तालीम सुटली. फौंड्रीत आधी मोल्डिंगला होता, तिथे अंगमेहनत होती. ३६ व्या वर्षी स्टोअरमध्ये घेतलं. खुर्ची, रजिस्टर, माल आला की सही. वजन त्यानंतरच्या दहा वर्षांत चढलं.

लोक म्हणतात, मेहनत कमी झाली तर खाणंही कमी करायला हवं होतं. इथे बंगालमधल्या एका जुन्या अभ्यासाची आठवण करून द्यावीशी वाटते. पोषणतज्ज्ञ जाँ मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालच्या एका ताग गिरणीतल्या २१३ माणसांचं खाणं, काम आणि वजन मोजलं आणि १९५६ मध्ये छापलं. मेहनतीच्या कामावरची माणसं जितकी जास्त राबत तितकी जास्त खात. वजन जागच्या जागी. पण अगदी बैठ्या कामावरचे कारकून आणि दुकानदार कमी खात नव्हते. ते जवळजवळ हमालांइतकंच खात होते आणि वजनानेही जास्त होते. म्हणजे शरीर कष्टाप्रमाणे भूक जुळवतं, पण कष्ट एका मर्यादेच्या खाली गेले की ही जुळणी सुटते. पैलवान मोल्डिंगवरून स्टोअरमध्ये आला तेव्हा त्याने नेमकी ती मर्यादा ओलांडली. त्याची भूक त्याच्याबरोबर खुर्चीत बसली नाही.

पाणी तोडून वजनात बसायची सवयही निरुपद्रवी नसावी. फिनलंडमध्ये नामांकित खेळाडूंचा पुढच्या आयुष्यात पाठपुरावा केला, तेव्हा गटात बसण्यासाठी वारंवार वजन खालीवर करणारे मुष्टियोद्धे, वेटलिफ्टर आणि कुस्तीगीर बाकीच्या खेळाडूंपेक्षा मध्यम वयात जास्त जाड झालेले आढळले. सीमाभागात कुस्ती अजून जिवंत आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. म्हणूनच पोरांना वजनासाठी तहानलेलं ठेवणं वस्तादांनी थांबवावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

भुकेचा हिशोब कुठे होतो

वजन उतरल्यावर त्याला जे झालं, ते मेंदूच्या तळाशी झालं. तिथे हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. उंदरांमध्ये याच्या मधल्या भागाला इजा केली तर ते फुगत जातात, हे १९४० मध्ये दिसलं होतं. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाल कृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी बाजूचा भाग दोन्हीकडून नष्ट केला, तर उंदरांनी समोर अन्न असताना खाणं सोडलं आणि ते उपाशी मेले. हेच डॉ. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. खाण्याची इच्छा मेंदूतल्या एका लहानशा जागेवर अवलंबून असते, हे एका भारतीय डॉक्टरने दाखवलं आणि आपण अजून भुकेला चारित्र्याचा प्रश्न समजतो, याचं मला वाईट वाटतं.

त्या जागेला शरीरात किती साठा आहे हे कसं कळतं? याचं उत्तर १९९४ मध्ये मिळालं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिनचं जनुक सापडलं. लेप्टिन हे हॉर्मोन चरबीच्या पेशीच बनवतात. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. चरबी घटली की लेप्टिन घटतं, आणि उपास पडला तर चरबीच्या मानाने ते फारच झपाट्याने कोसळतं. मेंदू हे कोसळणं दुष्काळ म्हणून वाचतो. हायपोथॅलॅमसमधल्या आर्क्युएट केंद्रकात चेतापेशींचे दोन गट शेजारी शेजारी आहेत. एक गट भूक पेटवतो, त्याला एजीआरपी पेशी म्हणतात. दुसरा, पीओएमसी पेशींचा, भूक शमवतो. लेप्टिन पहिल्याला दाबून ठेवतं आणि दुसऱ्याला जागं ठेवतं. लेप्टिन घसरलं की पारडं फिरतं. पोट भरलेल्या उंदराच्या एजीआरपी पेशी प्रयोगात प्रकाशाने चेतवल्या तर तो काही मिनिटांत खायला धावतो. त्याला आपण 'ताबा नाही' म्हणणार का?

मग जाड माणसाच्या अंगात लेप्टिन भरपूर असतं, तरी भूक का लागते, हे पैलवानाच्या मुलीने विचारलं. ती सायन्सला आहे. प्रश्न अगदी रास्त होता. लेप्टिन एका मर्यादेपलीकडे वाढलं की मेंदू त्याला फारसं जुमानत नाही. म्हणूनच लेप्टिन टोचून सर्वसाधारण लठ्ठपणा जात नाही. ज्यांच्या शरीरात ते जन्मजात बनतच नाही अशा मोजक्या मुलांनाच त्याचा चमत्कारासारखा गुण येतो. पण वाढीकडे कानाडोळा करणारा मेंदू घसरणीकडे कधीच कानाडोळा करत नाही. हजारो वर्षं माणसाला धोका होता तो उपासमारीचा.

लेप्टिन दीर्घ मुदतीचा साठा सांगतं. एका जेवणापासून दुसऱ्या जेवणापर्यंतचा कारभार पोट आणि आतडी बघतात. रिकामं जठर घ्रेलिन सोडतं. हे हॉर्मोन जपानमध्ये १९९९ साली सापडलं. जेवणाआधी ते चढतं, जेवलं की उतरतं. अन्न आतड्यात पोचलं की सीसीके, पीवायवाय आणि जीएलपी-१ ही हॉर्मोन्स 'पुरे' असा निरोप देतात, काही रक्तातून आणि काही पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेतून. पैलवान म्हणाला होता, "जेवण झालं तरी अर्ध्या तासात पोट खाली वाटतं." ही त्याची कल्पना नव्हती. ऑस्ट्रेलियात ५० जणांना १० आठवडे अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं होतं, तो अभ्यास २०११ मध्ये छापून आला. आहार संपून एक वर्ष झालं तरी घ्रेलिन आधीपेक्षा वर होतं, लेप्टिन आणि पीवायवाय खाली, आणि भूक जास्त. तोवर वजन थोडं परत आलंही होतं, तरी हॉर्मोन्स निवळली नव्हती.

झोपेत जेवण दिसणं हेही नवं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने घटलं. ते तरुण अन्नाची स्वप्नं बघू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले, चिडचिडे झाले. पोटभर जेवायला मिळाल्यावरही कितीतरी दिवस त्यांची भूक भागेना. त्यांच्यात कुणी जाड नव्हतं, कुणी आळशी नव्हतं.

इच्छाशक्तीचा प्रश्न कसा सुटला

इथे बायकोने मुद्द्याचं विचारलं: "पण मॅडम, हे सगळं असलं तरी हात तर ह्यांचाच ना ताटाकडे जातो?"

याचं सगळ्यात सरळ उत्तर मला मधुमेहाच्या एका औषधाच्या अभ्यासात मिळतं. कॅनाग्लिफ्लोझिन हे औषध मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर सोडतं. दिवसाला साधारण ३६० कॅलरी शरीराबाहेर जातात. अभ्यासातल्या लोकांना आपण खरं औषध घेतोय की नुसती गोळी हे माहीत नव्हतं. कॅलरी जाताहेत हे त्यांना दिसत नव्हतं. डाएट नाही, मन मारणं नाही, वंचित वाटण्याचा प्रश्नच नाही. तरी वजन चार-पाच किलो उतरून थांबलं. संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचा हिशोब मांडला: घटलेल्या प्रत्येक किलोमागे त्यांची भूक दिवसाला साधारण १०० कॅलरींनी वाढली होती, तर शरीराचा खर्च किलोमागे २० ते ३० कॅलरींनी घटला होता. म्हणजे 'मेटाबॉलिझम मंद झाला' असं जे आपण नेहमी ऐकतो ते खरं असलं तरी खरा जोर भुकेचा आहे, आणि ही भूक माणसाच्या मनाला न विचारता वाढते. पैलवानाचे तर १८ किलो गेले होते. तो दररोज चढत्या पाण्याविरुद्ध पोहत होता आणि काठावरचे लोक त्याला आळशी म्हणत होते.

बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमचीपण चूक झाली म्हणायची." मी म्हणाले, चूक कुणाची हे शोधायला आपण बसलोच नाही, आता पुढची व्यवस्था बघू.

व्यवस्थेची सुरुवात रजिस्टरने झाली. मी त्याला वही घालायला सांगितलं, तर त्याने स्टोअरमधलं आखीव मालाचं रजिस्टर आणलं आणि 'आवक', 'जावक', 'शिल्लक' हे छापील रकाने खोडून वर लिहिलं: वेळ, भूक ० ते १०, काय खाल्लं, शिफ्ट. अक्षर टपोरं, नोंदी नेटक्या. काम म्हणून नोंदी करणारा माणूस होता तो. एकही दिवस कोरा नव्हता. त्यातल्या दोन वेळा डोळ्यांत भरल्या. एक, संध्याकाळी पाचच्या सुमारास भूक ९, शेजारी 'हात थरथर, घाम', आणि खाल्लेला बिस्किटांचा अख्खा पुडा. दुसरी, रात्री ११.५० ला भूक ९, 'भात, ताक, शेंगाची चटणी, उभ्यानं', शिफ्ट सेकंड.

पाचची भूक ही त्याची नव्हतीच. दुपारचं जेवण तो वजनाच्या भीतीने अर्धं करत होता आणि सकाळी ग्लिमेपिराइड घेत होता. ती गोळी इन्शुलिन बाहेर ढकलते, खाल्लं असो वा नसो. थरथर सुटताच ग्लुकोमीटर लावायला सांगितलं, तर साखर ६२. साखर पडली की मेंदू जी भूक लावतो ती कुणालाही आवरत नाही, आणि आवरूही नये. ग्लिमेपिराइड बंद केली. जागी डापाग्लिफ्लोझिन दिलं, वर सांगितलेल्या औषधाच्याच जातीतलं. आता ते स्वस्तात मिळतं. फौंड्रीच्या उष्म्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि लघवीच्या जागेची स्वच्छता ठेवायची, हे दोघांना नीट समजावलं. आठवडाभरात पाचची ओळ ९ वरून ४-५ वर आली. अशा प्रकरणात औषधांची यादी आधी तपासावी, हे मी माझ्या धाकट्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. इन्शुलिन, सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या (ग्लिमेपिराइड यातलीच), काही मानसोपचाराची औषधं, स्टेरॉईड, हे सगळं वजन वाढवू शकतं.

रात्रीच्या भुकेमागे शिफ्ट होती. झोप कमी पडली की लेप्टिन घटतं आणि घ्रेलिन वाढतं, हे अभ्यासांत दिसलं आहे. त्यातून हा घोरायचाही. मी कारखान्याच्या नावे पत्र दिलं. त्यांनी समजूतदारपणे कायमची फर्स्ट शिफ्ट दिली.

आहारात भात परत आला. एक ठरलेली वाटी, पण त्याआधी ताटात उसळ, आमटी आणि भाजी, सकाळी दोन अंडी, संध्याकाळी फुटाणे किंवा ताक. प्रथिनं पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात. सणाला, पाव्हण्यांत कुंदा समोर आला तर एक तुकडा खायचा आणि रजिस्टरमध्ये लिहायचा. नवा तक्ता मी मराठीत हाताने लिहून दिला. गुडघ्यामुळे पळणं शक्य नव्हतं. सकाळी शेताच्या बांधावरून चालणं आणि हातांचे व्यायाम ठेवले, कारण व्यायामाने वजन फारसं उतरलं नाही तरी उतरलेलं टिकायला त्याची मोठी मदत होते.

सगळ्यात वादाचा मुद्दा ठरला तो आकड्याचा. त्याला पुन्हा ८६ हवं होतं, तेही झटपट. मी ९२ वर अडून बसले. तिथपर्यंत यायला सहा महिने, आणि मग एक वर्ष फक्त तिथेच राहायचं. उतरवण्याच्या महिन्यांचं कौतुक सगळे करतात. राखण्याच्या वर्षाला कुणी भेटीची तारीखसुद्धा देत नाही, आणि शरीराचा सगळा प्रतिकार त्याच वर्षात असतो. त्याला मी दर महिन्याला बोलावलं, वजन तसंच असेल तरी.

सहा महिन्यांनी ९३ झालं. वर्षअखेर ९२.४. एचबीए१सी ६.५, रक्तदाब १३२/८४, कंबर १०५. रजिस्टरमधली रात्रीची भूक ५ ते ६ च्या दरम्यान असते. ती शून्यावर येईल असं आश्वासन मी दिलेलं नाही. त्याने कुस्तीच्या भाषेत विचारलं होतं, "म्हणजे हा जोड आयुष्यभराचा?" मी हो म्हणाले.

आता पुढचा प्रश्न इंजेक्शनचा आहे. आतड्यातलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. त्याची टिकाऊ रूपं मेंदूपर्यंत 'पुरे' हा निरोप आठवडाभर पोचवत राहतात. टिरझेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटलं. पैलवानाचं पहिलं वाक्य होतं, "आणि बंद केलो तर?" त्याच चाचणीतल्या ज्यांनी औषध थांबवलं त्यांचं उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं, हे मी त्याला सांगितलं. बॅरिअॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेनेही नुसतं पोट लहान होत नाही, आतड्यातली ही हॉर्मोन्स बदलतात, हेही सांगितलं. ती त्याला नको आहे. इंजेक्शनचा खर्च दर महिन्याचा, न थांबणारा, आणि मुलीचं शिक्षण अजून संपायचं आहे. नवरा-बायकोने घरी हिशोब करून कळवायचं ठरवलं आहे. तोवर गोळ्या त्याच, फर्स्ट शिफ्ट तीच, आणि पुढच्या भेटीत मूत्रपिंडाची तपासणी आणि गुडघ्याचा एक्स-रे.